एका माणसाचं पाणी

"आप्पा, तुम्ही घरात दिवे लावत नाही का?"

छोट्याने फोनवर हे विचारलं तेव्हा आप्पांना बरं वाटलं. पोराला बापाच्या डोळ्यांची काळजी वाटतेय, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. ते म्हणाले, अरे, खिडकीत भरपूर उजेड असतो आणि अंधार पडला की मी आडवा होतो, मला दिवा कशाला लागतोय? मग छोट्याने हीटरचं विचारलं. अंगात दोन स्वेटर असतात, आप्पा म्हणाले. गिझर? गार पाण्याने माणूस तरतरीत राहतो. फ्रिज? दूध खिडकीबाहेरच्या कठड्यावर छान टिकतं, एका माणसाच्या दुधासाठी एवढं कपाट घरघरत ठेवायचं म्हणजे काय. हे सगळं सांगताना आप्पांचा आवाज चढत गेला होता. आता पोरगा शाबासकी देणार, अशी त्यांची खात्री होती.

पलीकडून शाबासकी आली नाही.

"आप्पा, व्हिसाच्या ऑफिसातून पत्र आलंय," छोट्या शेवटी म्हणाला. "त्यांनी विजेचा आणि पाण्याचा वापर बघितला. त्यांचं म्हणणं, त्या घरात कोणी राहतच नाही."

आप्पांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पायांत सपाता होत्या, सपातांत मोजे होते आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. कोणी राहत नाही म्हणजे काय, हे त्यांच्या काही केल्या डोक्यात शिरेना. गेलं दीड वर्ष ते या चौथ्या मजल्यावरच्या घरात उठत होते, झोपत होते, खोकत होते.

छोट्या समजावून सांगत होता, पण आप्पांचं अर्धं लक्ष दुसरीकडे गेलं. फोनमध्ये, छोट्याच्या पाठीमागे, नळ सुरू होता. कोणीतरी भांडी विसळत होतं आणि एकावर एक उपडी घालत होतं. मग एका बाईने हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि छोट्याने फोनवर हात ठेवून तिला उत्तर दिलं. आपण हॉटेलात उतरलोय, असं छोट्याने मागच्या खेपेला सांगितलं होतं, आणि त्याच्या मागच्या खेपेलाही. हॉटेलात कोणी असं रोजच्या हाताने भांडी विसळत नाही, एवढं आप्पांना कळत होतं. त्यांना वाईट वाटलं. पण विचारलं नाही.

"पुढच्या आठवड्यात तपासायला माणूस येणार आहे," छोट्या म्हणाला. "मी दोन दिवस आधी येतो. तोवर सगळे दिवे लावा. नळ सोडून ठेवा थोडा वेळ. प्लीज, आप्पा."

दिवे एक वेळ लावता आले असते. नळ सोडून ठेवा, हे मात्र त्याने दुसऱ्या कोणाला सांगायला हवं होतं.

आप्पांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. पंपावर. पहाटे गावाला पाणी सोडायचं, दुपारी टाकीची पातळी बघायची, आणि अधल्यामधल्या वेळात पंपाचा आवाज ऐकत बसायचं. पंप आजारी पडणार असला की त्यांना तो आदल्या दिवशी कळायचा. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या पंपाचं जास्त ऐकता." ते खरं होतं. ती आजारी पडली ती त्यांना कळली नाही. कुठे पाइप गळत असला की तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या दारातला ठिबकणारा नळसुद्धा ते आत शिरून बंद करायचे आणि त्यापायी दोनदा बोलणीही खाल्ली होती.

मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. बायको गेली, नोकरी संपली, क्वार्टर सोडावं लागलं. भाड्याच्या एका खोलीत ते दिवस ढकलत होते तेव्हा छोट्याचा फोन आला. छोट्या हा नावालाच छोट्या, उंची सहा फूट आणि कपाळ मागे सरकत चाललेलं. जहाजाने जाणाऱ्या मालाच्या वेळा जुळवून देणं, हे त्याचं काम. त्याची कंपनी एका देशात, तो बसणार दुसऱ्या देशात, आणि ऑफिस पाठीवरच्या पिशवीत. तो म्हणाला, "आप्पा, एका ठिकाणी घर घेतलंय भाड्याने. माझ्याकडे या. एकत्र राहू."

"एकत्र राहू" हे दोन शब्द आप्पांनी पुढचे कितीतरी दिवस खिशात घालून हिंडवले. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. खाट एकाला दिली, कपाट दुसऱ्याला दिलं, सायकल शेवटपर्यंत ठेवली होती, पण तीही दिली. आता परत यायचं नव्हतं, मग ठेवायचं कशाला?

एकत्र राहणं तीन आठवडे चाललं. मग छोट्याचं काम निघालं.

त्या तीन आठवड्यांत आप्पांनी या घरासाठी एक गोष्ट केली. संडासातली फ्लशची टाकी आतल्या आत गळत होती. छोट्याला त्याचा पत्ताही नव्हता, पण आप्पांना पहिल्या रात्री उशीवर डोकं टेकताच ती ऐकू आली. सकाळी त्यांनी झाकण उचललं. आतला वायसर झिजून पातळ झाला होता. दुकान शोधून त्यांनी नवा आणला, बसवला, आणि जुना टाकून द्यायचा म्हणून हातात घेतला. पण त्यांच्या हातून कधी काही टाकलं जात नसे. औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी डबी होती, तिच्यात त्यांनी तो ठेवून दिला.

छोट्या गेल्यावर घरात दोघंच उरले, आप्पा आणि डबा. डबा म्हणजे छोट्याच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं, हिरवा दिवा मिचकावणारं यंत्र. छोट्या जगात कुठेही बसून काम करो, त्या डब्यामुळे ते या घरात बसून केल्यासारखं दिसतं, असं त्याने सांगितलं होतं. आप्पांनी पहिल्याच संध्याकाळी तो भिंतीतून बंद केला, कारण माणूस नसलेल्या खोलीत दिवा कशाला? लगेच फोन आला. "आप्पा, डब्याला हात लावू नका हं." तेव्हापासून ते डब्याभोवतीची धूळ पुसायचे, त्याच्यावरची नाही. मात्र पुढे एका रविवारी, सलग किती दिवस छोट्याचा आवाज ऐकला नव्हता कोण जाणे, आप्पांनी मुद्दाम जाऊन प्लग काढला. चहा उकळेपर्यंत फोन वाजला. "हो का? सैल झाला असेल रे," ते म्हणाले आणि मग तब्येत, हवा, जेवणखाण असं थोडं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

बाकी बोलायला खालच्या बाई होत्या. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे होती आणि तळमजल्यावर जिन्याखालच्या दोन खोल्यांत त्या राहत. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून वरच्या दोन मजल्यांचा जिना आप्पा पुसून देत, आणि सकाळी त्यांच्या दारातल्या बाकावर बसून चहा घेत. तिथली भाषा आप्पा या बाकावरच शिकले. बाईंचा नवरा पूर्वीच गेला होता आणि मुलगा त्याच शहरात असून सहा सहा महिने फिरकत नव्हता. "तुमचा निदान लांब आहे," बाई म्हणायच्या, "तुम्हाला सांगायला कारण तरी आहे."

छोट्या सांगितल्याप्रमाणे दोन दिवस आधी आला. आल्या आल्या त्याने घरातले सगळे दिवे लावले, हीटर लावला, फ्रिज सुरू केला. पिशवीतून शर्ट काढून खुर्चीवर टाकले, बेसिनवर नवा ब्रश ठेवला, दाराशी बूट काढून ठेवले. आप्पा त्याच्या मागे मागे हिंडत होते. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना माहीत होतं, तरी खुर्चीवर पडलेले शर्ट बघून त्यांना आनंद होत होता. त्यांनी दोन कप चहा टाकला. दीड वर्षात दुसरा कप क्वचितच खाली उतरला होता.

चहा घेताना छोट्याने सगळं नीट उलगडून सांगितलं. या देशाने त्याच्यासारख्यांना व्हिसा दिला तो एका अटीवर, की घर इथं हवं, वर्षातला निम्म्याहून जास्त काळ माणूस इथं हवा. मग टॅक्स इथंच भरायचा, आणि तो कमी असतो. पण माणूस इथं राहतच नाही असं ठरलं, तर व्हिसा जाणार, आणि जिथे तो खरा असतो तो देश मागच्या सगळ्या वर्षांचा टॅक्स मागत दारात उभा राहणार. "मी बुडेन, आप्पा," तो म्हणाला.

"तिकडचा तुझा नळ गळतो जरा," आप्पा म्हणाले. "फोनवर ऐकू येतो. ओट्यावरचा."

छोट्याचा कप हातातच राहिला.

"वायसर बदलून घे," आप्पा म्हणाले. "त्यांनाही त्रास होत असेल, भांडी घासताना."

"मी सांगणार होतो, आप्पा."

"सांग ना. सवडीने सांग."

मग छोट्याने सांगितलं. ती तिथलीच आहे, दोघं तीन वर्षं एकत्र राहतात, बरं चाललंय. तुम्हाला तिकडेच न्यायचं होतं, पण जोडीदार, बाप, घर सगळं एका ठिकाणी दिसलं की माणूस तिथलाच धरतात. टॅक्सचा सल्लागार म्हणाला होता, घरातलं कोणी या देशात ठेवा, म्हणजे बाजू भक्कम होते.

आप्पांनी रिकामा कप बशीत फिरवला. "म्हणजे त्यासाठी बोलावलंस मला?"

"तसं नाही," छोट्या म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "दोन्ही."

त्याने साफ नाही म्हटलं असतं तर आप्पांना ते खोटं वाटलं असतं. दोन्ही, हे त्यांनी मान्य केलं. राग यायला हवा होता, पण राग धरायलाही अंगात बळ लागतं. ते उठले आणि दोन्ही कप विसळून ठेवले.

तपासायला माणूस येणार होता, ती बाई निघाली. पन्नाशीची, खांद्याला जड पिशवी, आणि नेमकी लिफ्ट बंद. चार मजले चढून आल्यावर तिने आधी भिंतीला हात लावला आणि पाणी मागितलं. आप्पांनी पेला भरला आणि सवयीने पाऊणच भरला. तिने तो एका दमात संपवला, पेल्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता कामाला लागली.

तिने दोन्ही खोल्या पाहिल्या. कपाट उघडलं. छोट्या तिच्याबरोबर फिरत जरा जास्तच बोलत होता, इथे मी काम करतो, इथे माझी पुस्तकं असतात. बेसिनपाशी तिने त्याच्या ब्रशच्या ताठ केसांवरून अंगठा फिरवला. मग ती छोट्याला म्हणाली, तुम्ही खोलीतच थांबा, मला यांच्याशी बोलायचंय. स्वयंपाकघरात येऊन ती खुर्चीवर बसली आणि टेबलाखाली तिने हळूच एक बूट काढला.

"काका, मी वीस वर्षं हेच काम करतेय," ती म्हणाली. "या घरात जेवढं पाणी लागलंय, त्यात दोन माणसं बसत नाहीत. एक बसतो. तोही फारच जपून वापरणारा. तेव्हा मला एकाच माणसाचं राहणं लिहिता येईल. कोण राहतं इथं?"

घरात सगळे दिवे भर दुपारी जळत होते. आप्पांची नजर मोरीतल्या बादलीकडे गेली. त्या बादलीतून रोज किती तांबे घेतले ते त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. त्यातला एकेक तांबा त्यांचा होता. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी समोर बसून विचारत होतं की इथं कोण राहतं, आणि "मी" म्हणायला त्यांची जीभ शिवशिवत होती. मी राहतो बाई, या घरात फक्त मी राहतो.

"मुलगा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

आप्पांनी हा विचार केलेला नव्हता. सुचेल ते बोलून गेले. "मी खाली असतो. खालच्या बाईंकडे."

तिने मान वर केली. "मुक्कामाला?"

"मुक्कामालाच," आप्पा म्हणाले आणि या वयात त्यांचे कान तापले.

ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुमचा परवाना मुलाच्या घरी राहण्याचा आहे. तुम्ही इथं राहत नाही असं मी लिहिलं, तर तो रद्द होईल. तुम्हाला परत जावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"परत जाऊन कुठे राहणार?"

"मुलगी आहे."

तिने खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेल्या दुधाकडे पाहिलं. मग आप्पांच्या मोज्यातल्या अंगठ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, असं आप्पांना नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण तिला अजून घरं तपासायची होती, चार मजले उतरायचे होते, आणि समोरचा म्हातारा शब्द मागे घेत नव्हता.

"लिहू?" तिने विचारलं.

"लिहा."

ती उतरायला लागली तसे आप्पा जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली गेल्यावर ती खालच्या बाईंशी बोलणार, हे उघड होतं, आणि बाईंना कशाचीच कल्पना नव्हती. जिन्यात आवाज स्पष्ट वर येत होता. वरचे काका तुमच्याकडे राहतात का, असं तिने विचारलं. मग बादली ठेवल्याचा आवाज आला आणि बाई खणखणीत म्हणाल्या, "मग कुठे राहणार? सकाळचा चहा कोणाच्या दारात पितात ते विचारा सगळ्या इमारतीला."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. मागे छोट्या उभा होता. त्याने दारातून सगळं ऐकलं होतं.

"आप्पा, असं का सांगितलंत?"

"एकाच माणसाचं पाणी होतं रे."

छोट्याने तोंडावरून हात फिरवला. तो सुटला होता आणि सुटल्याची त्याला लाज वाटत होती. दोन्ही आप्पांना दिसलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी ठेवला होता, आणि पाठ इतकी रुंद झालेली त्यांच्या ध्यानात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या गेला. शर्ट खुर्चीवर तसेच राहू द्या, म्हणाला.

बाईंनी त्या गोष्टीचा विषय काढला नाही. फक्त चहा ओतताना एकदा म्हणाल्या, "आधी सांगायचं तरी होतंत. केस विंचरून बसले असते." आप्पा खूप दिवसांनी हसले.

पुढे निकाल आला. छोट्याचा व्हिसा वाढला. आप्पांचा परवाना रद्द झाला आणि महिनाअखेरीपर्यंत निघायचं ठरलं. मुलीचा फोन आला, आप्पा, या हो, बाहेरच्या खोलीत तुमची सोय करू. ती मनापासून बोलत होती. सासरच्या घरात तिला सोय करावी लागणार होती, याला तिचा तरी काय इलाज? छोट्या पोचवायला येणार होता, पण ऐन वेळी त्याचं काम निघालं. तो म्हणाला, दिव्यांना घड्याळं लावून घेतो, ते आपोआप लागतील, आपोआप बंद होतील. पाण्याचं मात्र काय करायचं ते बघावं लागेल.

"पाण्याचं मी बघतो," आप्पा म्हणाले.

निघायच्या दिवशी गाडी खाली येऊन उभी राहिली. बाई गुडघ्यांना न जुमानता वर आल्या, आप्पांची बॅग उचलली आणि दारात थांबल्या. आप्पांनी डब्याभोवतीची धूळ शेवटची पुसली. खुर्चीवरचा शर्ट घडी घालायला उचलला, मग आठवलं, तसाच परत टाकला. बाईंना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

ते संडासात गेले आणि टाकीचं झाकण उतरवून बाजूला ठेवलं. बाह्या सारून हात आत घातला, स्वतः बसवलेला वायसर काढला. खिशातून गोळ्यांची डबी काढली. तिच्यातला झिजलेला वायसर बोटावर घेऊन जरा बघितला आणि त्याच्या जागी बसवला.

पाणी सुरू झालं. आप्पा कान देऊन उभे राहिले. आयुष्यभर जो आवाज ऐकला की त्यांना जेवण जात नसे, तो त्यांच्याच हाताने या घरात सुरू झाला होता. त्यांना ते पटत नव्हतं आणि त्यांनी ते केलं होतं. धार जरा मोठी वाटली, म्हणून त्यांनी वायसर थोडा दाबला. मग फारच बारीक झाली, म्हणून पुन्हा थोडा सैल केला. एका माणसाला पुरेल एवढी झाली तेव्हा त्यांनी झाकण ठेवलं.

हात ओले होते. बेसिनचा नळ न सोडता त्यांनी ते पँटला पुसले आणि दार ओढून घेतलं.